उसवलेली कंबर

— उसवायला काय गं, दहा मिनिटांचं काम, प्रश्न तो नाही. बस त्या स्टुलावर, कपडे सार बाजूला, चुरगळले तर चुरगळू देत, इस्त्री व्हायचीच आहे त्यांची. आधी माप घेऊ दे. आहे गं वहीत, पण ते मागच्या वेळचं — हात वर कर. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, माझ्यासमोर काय लपवतेस, तुझ्या पहिल्या नोकरीचे कपडे मीच शिवलेत. हं. आता दंड. पॅन्ट सैल करायची तर दंड कशाला, असंच ना? घेऊ दे गं, म्हातारीची सवय समज.

ही बघ वही. गेल्या वर्षी कंबर तीस. सहा महिन्यांपूर्वी साडेएकतीस, सैल करून दिली. दोन महिन्यांपूर्वी तेहेतीस, पुन्हा सैल केली, आणि वर थट्टाही मीच केली, खुर्चीत बसून बसून सुटलीस म्हणून. आज पस्तीस. आणि दंड? अर्ध्या इंचानं कमी. माणूस सुटतं ना, ते सगळीकडून सुटतं — दंड भरतात, गळा भरतो, पाठीला वळ्या पडतात. नुसतं पोट पुढं आणि हात काड्या, याला सुटणं म्हणत नाहीत. दिवस गेलेत का तुला? रागावू नकोस, सरळ विचारतेय. नाही? नक्की? बरं. विचारल्यानं काही बिघडत नाही, न विचारल्यानं बिघडतं — ते मला विचार.

काय सांगत होते — हां. तीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या. बाईला दिवस गेलेले नवऱ्याच्या आधी मला कळतात, असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे मी. आणि खरंच कळायचे, कंबरेवर टेप कुठं अडतो त्यावरून. मग एक दिवस घरातच पोरगी म्हणाली, आई, स्कर्ट घट्ट होतोय. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. माप घेतलं, तर टेप नेमका तिथंच अडला. मी बोलले का? एक अक्षर नाही. उसवला, सैल केला, घडी घालून दिला. महिन्यानं पुन्हा. तिसऱ्या वेळी आतली माया संपली — शिवणीत दुमडलेलं जादा कापड गं — तर कडेनं वेगळी पट्टी जोडली, रंग जुळवून, कुणाच्या नजरेत येऊ नये अशी. पाळीचं काही खरं नाही, म्हणाली एकदा, तर मी मशीन जोरात चालवलं. मैत्रिणीचा भाऊ वह्या द्यायला यायचा, त्याला पाणी विचारायचं बंद केलं. मनात किडा शिरला की सगळीकडे तोच वळवळतो. भीती वाटत होती मला, आणि लाज. लाज जास्त.

आणि एका सकाळी, खाली डाव्या बाजूला कळ येतेय म्हणाली, उलटी झाली. उलटी म्हटल्यावर माझी तर खात्रीच पटली. गणवेश द्यायचे होते शाळेला, म्हटलं, पड जरा. दुपारी जाऊन बघते तर गुडघे पोटाशी घेतलेले, घामानं उशी भिजलेली, हाक मारायचंही त्राण नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं — अंडाशयात पाण्याची गाठ, पाणी भरलेली पिशवीच म्हण, बाळाच्या डोक्याएवढी झालेली, आणि तिच्या ओझ्यानं अंडाशयाला पीळ पडलेला. रक्त पोचेना. आणि मी काय म्हणाले माहितेय? पोरगी शेजारी कण्हत असताना, सगळ्यांसमोर? म्हणाले, “म्हणजे दिवस नव्हते?”

ते अंडाशय काढावं लागलं. काळं पडलं होतं. आधी आणली असती तर पीळ सोडवून वाचलं असतं कदाचित. कदाचित, असंच म्हणाल्या बाई.

आता तोंड का पाडतेस? तुझं तसंच असेल असं कुठं म्हटलं मी? गाठच असेल असंही नाही, मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही, आणि एकदा डॉक्टरकी करून बसलेय. पण मी तेव्हा बाईंना हजार प्रश्न विचारले, चार महिन्यांचे साठलेले. बहुतेक गाठी लहान असतात म्हणे, दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात, काही करायचं नाही, फक्त पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं. गोळ्या देतात कधी, त्यानं नवी गाठ धरत नाही, पण असलेली विरघळतेच असं नाही — तेव्हा शेजारणीच्या गोळ्या घेऊ नकोस. मोठी असली, वाढत असली, आत काही घट्ट दिसलं, तर रक्त तपासतात आणि ऑपरेशन. तेही आता दोन-तीन छोट्या भोकांतून होतं, नुसती गाठ काढतात, अंडाशय राहतं. सगळ्यांचंच असं होईल असं नाही, कुणाचं पोट उघडावं लागतं, कुणाचं अंडाशय जातं. पण वेळेत गेलीस तर निवड तरी असते. आमच्याकडे निवड उरली नव्हती. आणि अचानक कळ आली, उलटी झाली, तर पडून राहायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. ऐकतेयस ना?

आहे ना, बरी आहे. एका अंडाशयावर मुलगा झाला तिला, चार वर्षांचा आहे, गुलाम. सुट्टीत येते, जेवते, हसते, माझ्या पायाला तेलसुद्धा लावून देते. पण पोराचे कपडे तयार घेते. मी टेप उचलला की म्हणते, राहू दे आई. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तिनं मला एकदाच विचारलं होतं — “चार महिने तुला तसं वाटत होतं, तर एकदा विचारलं का नाहीस?” ओरडली नाही गं, नुसतं विचारलं. काय सांगणार होते? ती पट्टी किती सफाईनं जोडली होती, ते?

पुरे. हे कशाला बोलले तुझ्याशी, कोण जाणे. पॅन्ट? पॅन्ट राहील इथंच, मी कात्री लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडे नेशील म्हणून तर ठेवून घेतेय. सोनोग्राफीचा कागद दाखव, मग हवी तेवढी उसवून देते. उद्या दहाला ये. दवाखान्यात एकटी नाही जायचं, मी येते बरोबर. दुकान काय, बंद राहील. शाळेला तेव्हा गणवेश वेळेवर दिले मी, एकालाही आठवत नसेल.

जा आता. दारात उभी राहू नकोस, उजेड अडतो. सुईत दोरा ओवायचाय मला, आणि दिसत नाहीये.