धग निवतेय, पासवर्ड द्या!

…आणि ड्रिलवाला बोलावला कोणी? स्वतः सीतारामभाऊंनी! तुम्हाला सांगतो, आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं एकच विषय. वरच्या रत्नप्रभाबाईंच्या बाथरूमचं पाणी खालच्या सीतारामभाऊंच्या ओट्यावर टपकतं, सोसायटीत तक्रार, बोलणं बंद, आणि आता पुरावा हवा म्हणून भाऊंनी माणूस आणला, त्यानं छताला ड्रिल लावलं आणि… त्यांच्याच इंटरनेटची वायर खल्लास!

नेमकी तेव्हाच? हो, नेमकी तेव्हाच! भाऊंची मुलगी संघमित्रा खगोलशास्त्रज्ञ, तिच्या लॅपटॉपवर नुकताच निरोप आलेला की गॅमा किरणांचा स्फोट दिसलाय. म्हणजे काय, तर तेरा अब्ज वर्षांपूर्वी एक तारा फुटला, त्याचा उजेड आत्ता कुठे पोचतोय, आणि वाटेत इतका ताणला गेलाय की डोळ्यांना दिसतच नाही, उरते ती इन्फ्रारेड धग. ती टिपणारी दुर्बीण हवाई बेटावर, तिकडे रात्र, इकडे आपली डाळ शिजतेय, आणि दुर्बीण वळवायला सांगायचं कोणी, तर हिनं, घरातून! किती वर्षं पोरगी याचीच वाट बघतेय. घरात मोबाईलला रेंज नाही. आणि तिकडे धग निवतेय!

"पप्पा, वर वायफाय आहे," इतकंच म्हणाली ती.

भाऊंचा चेहरा बघायला हवा होता… पुढच्या रविवारी तक्रारीचा निकाल, जिंकल्यातच जमा! पण गेले हो, जिना चढून गेले. रत्नप्रभाबाई दार अर्धंच उघडून, अस्सल मालवणीत, "आधी तक्रार मागे घेवा, मगे पासवर्ड." भाऊ म्हणतात, अहो तारा, तेरा अब्ज वर्षं… बाई म्हणतात, मग आणखी पाच मिनिटं थांबेल की. थांबेल? अहो, धग निवतेय!

घेतली मागे. तिथंच, दारात, कागदावर सही ठोकून.

मग काय, बाईंच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप, आम्ही सगळे मागे गर्दी करून, आणि तासाभरानं स्क्रीनवर आला… एक ठिपका. बस्स, ठिपका! संघमित्रा रडायलाच लागली. भाऊंना काडीचं कळलं नाही, पण तेही रडले, आनंदानंच. बाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगून आल्या, "आमच्या वायफायवर गावला!"

धग आठवड्याभरात पार निवली. काल भाऊंकडे गेलो, तर ओट्यावरचं भरलेलं पातेलं ओतून परत तिथंच ठेवत होते. वर बघितलं आणि म्हणाले, "अख्खा तारा संपला रे… हे पाणी काही संपत नाही."