चिमाजीचं इंजिन

चाकणच्या एस.टी. थांब्यावर मोशीच्या रुक्मिणीबाई रांगेत होत्या. पुढं पाठमोरे ड्रायव्हर मालोजी अन् मिस्त्री इम्तियाज बोलत होते.

"इम्तियाजभाई, ट्रक छप्पन सालचा नवाकोरा, अन् पोटात म्हातारं डिझेल इंजिन!"

"पेट्रोल परवडंना म्हणून तूच बदलायला लावलंस. चिमाजी गेला, पण त्याच्या ट्रकचं इंजिन अजून खणखणीत हाय. तक्रार काय?"

"इंजिनाची न्हाई. रोज सांजच्याला मोशीत आवाज ऐकून एक बाई दारात येती. ट्रक बघती, अन् गप आत जाती. जिवाला लागतं राव. उद्यापास्नं आळंदीवरनं जातो."

रुक्मिणीबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला.

"रस्ता बदलू नगा, दादा. त्या आवाजावर मी अजून तवा ठेवती."