लेकाचं रक्त

तुम्हाला सांगते, मागच्या खेपेला माझ्या लेकाचंच रक्त मला चाललं न्हाई.

माझ्या अंगात रक्त बनत न्हाई, मधूनमधून चढवावं लागतं. आतापर्यंत इतक्यांचं चढवलं की आता माझं रक्त नव्या रक्ताशी भांडतं. त्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात कोणाचंच जुळेना, म्हणून लेक पुण्याहून आल्ता. त्याचा माझा गट एकच. त्याला वाटलं, काम झालं.

तपासणी झाल्यावर सिस्टर आली. म्हणाली, "दादा, गट बराबर हाय, पण तुमचं रक्त आईच्या अंगाला सोसायचं न्हाई."

"मंग मी थांबून काय करू?" लेक म्हणाला. सुट्टी नव्हती त्याला. माझ्याजवळ बसून चहा पिला अन् गेला.

संध्याकाळी हसनाबादकडच्या कोण्या अनोळखी माणसाचं रक्त जुळलं. पिशवी लावता लावता सिस्टर म्हणाली, "मावशी, जुळलं की आता. तोंड का पाडलं?"

मी इचारलं, "एकदा रक्त दिलं की माणसाला परत कधी देता येतं?"

"तीन महिन्यांनी."

"मंग बघ की. लेकाचं जुळलं असतं, तर तीन महिन्याला तरी आला असता."