चाफ्याचा चीक

मोटार फाटकाच्या आत घेता येणार होती आणि बायको बहिणीकडे गेल्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं, म्हणून निवृत्त हेडक्लार्कांनी दारचा चाफा तोडला. आता दवाखान्याच्या बाकावर ते चीक लागून सुजलेले हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारी बहिणीकडून परतलेली बायको होती.

"अगं, एक पान नव्हतं त्याला. वाटलं, वाळला."

"चाफा थंडीत पानं गाळतोच. तुमचे केस गळून इतकी वर्षं झाली, मी कुऱ्हाड आणली का?"

"हळू! लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. वाळलेल्या झाडातून चीक गळतो होय?"

"तो पहिला घाव घातल्यावर दिसला."

"मग थांबायचं!"

"काम अर्धवट सोडायची सवय नाही मला."

"हो, आपला मोरीतला गळका नळ रोज सांगतो ना!" मग हळू आवाजात, "माझ्या आईनं दिलेली फांदी होती ती."

"ठाऊक आहे गं. चुकलंच माझं."

"तोंड पाडू नका. चाफ्याच्या तुकड्यालाही मुळं फुटतात. सगळे सावलीत ठेवलेत. चीक सुकला की लावते."

"सगळे? कुठे?"

"होता तिथंच, ओळीनं."

"आणि मोटार?"

"आहे तिथं बरी आहे."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "पेशंट कोण?"

"हे," ती म्हणाली. "झाड ठणठणीत आहे."