पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलेले विमान

मी, विमानविद्येच्या क्लबात ‘खडूबाई’ म्हणून ओळखली जाणारी, वय ६३ वर्षे, व्यवसाय शिक्षिका, राहणार धावपट्टीमागील क्वार्टर, समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी क्लबात सव्वीस वर्षे फळ्यावर उड्डाण शिकवते. दुपारनंतर रेडिओवरही बसते. बेपत्ता वैमानिक माझी धाकटी बहीण आहे, वय ५४. आम्ही दोघी एकत्र राहतो.

काल दुपारी ४.१० वाजता ती दोन आसनी विमान घेऊन एकटीच सरावाला गेली. सोबत पाण्याची एक बाटली होती. डबा टेबलावरच राहिला.

४.३८ वाजता ती रेडिओवर म्हणाली, “ताई, पूर्वेला तोंड आहे. चांडेल घेते. आज तरी पैकीच्या पैकी दे.” मी म्हटले, “आधी नीट कर, मग बघू.” आमच्या पद्धतीप्रमाणे मी चिठ्ठीवर कसरत सुरू होतानाची दिशा लिहिली : पूर्व.

चांडेल म्हणजे चढता चढता घेतलेले अर्धे वळण. विमान एका अंगावर कलवून नाक उचलायचे. निम्म्या वळणानंतर नाक तसेच धरून पंख हळूहळू सरळ करत आणायचे. शेवटी विमान उंच असते, वेग जेमतेम उरतो आणि तोंड बरोबर उलट दिशेला असते.

४.३९ वाजता ती म्हणाली, “चांडेल झालं. ताई, इंजिन बंद पडतंय. वळत नाही, सरळ समोरच उतरते.” त्यानंतर आवाज आला नाही. मी एकवीस वेळा हाक मारली.

४.५० वाजता पोलीस ठाण्यातून फोनवर विचारले, “विमानाचं तोंड कुठं होतं?” मी चिठ्ठी पाहून सांगितले, “पूर्वेला.” आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी आम्हा दोघींना, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा, असे शिकवले होते. धाकटी नेहमी वाचायची.

शोधपथकाने काल अंधार पडेपर्यंत आणि आज पहाटेपासून पूर्वेकडची शेते पाहिली. काही सापडले नाही.

आज सकाळी १०.२५ वाजता मी ठाण्याच्या बाकावर बसले होते. वर्गात दाखवते तसा तळहात विमानासारखा धरून मी ती कसरत मनात करत होते. हवालदार म्हणाले, “बाई, हात दुखतोय का? चहा घ्या.” तेव्हा माझी बोटे कुठे वळली आहेत ते मला दिसले. मी त्यांना म्हटले, “दादा, ती पश्चिमेला आहे. मी तुम्हाला चुकीची दिशा दिली.”

पथक तसेच पूर्वेला ठेवले तर ती सापडणार नाही. पश्चिमेला दगडखाणीपलीकडे मोकळे माळरान आहे. ती तिथेच उतरवील. तिला मीच तसे शिकवले आहे. लेखी जबाबाशिवाय पथक हलवता येत नाही, असे साहेबांनी सांगितले, म्हणून हा जबाब देत आहे. चूक माझी आहे. त्याबद्दल जे करायचे ते नंतर करावे.

जबाब मला वाचून दाखवला. मध्ये दोनदा मी “बरोबर आहे, सही कुठे करू?” असे विचारले, तरी नियमाप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वेळ सकाळी ११.२०. पथकाला अजून फोन गेलेला नाही.