मोटरसायकल सासूबाईंच्या नावावर

नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? स्वस्त विमा मागितला, हा काय गुन्हा झाला? तुम्हाला सांगतो, आमच्या तोर्रे देल ग्रेको गावात मोटरसायकल घेणं सोपं, तिचा विमा काढणं म्हणजे दुसरं लग्न जमवण्याइतकं अवघड... मी न्हावी माणूस, वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मोटरसायकलींच्या गप्पा ऐकत त्यांच्या दाढ्या केल्या आणि शेवटी या वसंतात स्वतःची घेतली. गुत्सी कंपनीची, लालभडक. जुनीच, पण आवाज असा की समोरच्या चर्चमधले फादर प्रवचन थांबवतात! इच्छा एकच हो... सोमवारी दुकान बंद असतं, तर समुद्राकाठच्या रस्त्यानं सोर्रेंतो गावापर्यंत जायचं. एकट्यानं. ना कात्री, ना गिऱ्हाईक, ना घरातलं कुणी.

तर गेलो सिल्व्हेरिओकडे. हा आमच्या कोपऱ्यावरचा विमावाला, बोलणं एकदम मधाळ. म्हणाला, "कार्मिने, विमा घेताना दोनच गोष्टी. गरज बघा, खिसा बघा." मग लागला विचारायला, चोरीचा हवा का, आगीचा हवा का, निसर्गाच्या कोपाचा हवा का... अरे, म्हटलं, ज्वालामुखीच्या पायथ्याशी जन्म गेला, घराचा नाही काढला तो मोटरसायकलचा काढू? डोंगर पेटला तर मी तिच्यावरच बसून पळणार ना! त्याला पटलं. कोप खोडला, आग खोडली. चोरी राहू दिली, उगाच शेजाऱ्यांची परीक्षा कशाला? आणि एवढं खोडूनही त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून मी मटकन खाली बसलो. बसलेलोच होतो म्हणा, पण पुन्हा बसलो.

का एवढा? तर आमच्याकडे विम्यात चालकांचे वर्ग असतात. वर्षानुवर्षं कुणाला धडक दिली नाही तो पहिल्या, स्वस्त वर्गात, नवखा माणूस महागड्या चौदाव्यात. म्हणजे शाळेत कधी मागे पडलो नाही तेवढा इथे पडलो! मग सगळं गाव करतं तेच मी केलं. घरात पहिल्या वर्गाचं माणूस शोधलं. सापडलं कोण? खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या सासूबाई, अस्सुंताबाई, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची एक छोटी मोटार आहे, ती दर रविवारी घरापासून चर्चपर्यंत जाते, गोगलगायीच्या चालीनं. त्या कुणाला धडकत नाहीत, कारण सगळं गाव आधीच बाजूला झालेलं असतं. मोटरसायकल त्यांच्या नावावर केली, आकडा झर्रकन खाली आला. मी तर खूश! गरज बघितली, खिसा बघितला.

आणि इथेच माती खाल्ली. हाव हो, हाव! सिल्व्हेरिओला विचारलं, अजून काही कमी होतंय का? म्हणाला, "एक सवलत आहे, फक्त मालकच चालवणार असेल तर." अर्थात मालकच चालवणार, म्हटलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देतोय मी? आणि टाक म्हटलं सवलत...

आलं लक्षात? माझ्या नाही आलं. मी दुसऱ्या दिवशी आभार मानायला मिठाई घेऊन गेलो, तर सिल्व्हेरिओ म्हणतो, सासूबाईंना सांगा, जपून चालवा. मी हसलो. तो नाही हसला. मग त्यानं शांतपणे समजावलं, मालक सोडून कुणी चालवलं आणि ठोकलं, तर कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर सगळी तुमच्याकडून वसूल करते. मिठाई तिथेच टाकली.

पळत सासूबाईंकडे. आई, म्हटलं, एक सही करा, ती सवलत काढून टाकू. त्या बाल्कनीत वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, आधी एकदा चालू तर करून दाखवा. केली. त्या आवाजानं बाईंच्या चेहऱ्यावर काय हसू आलं म्हणून सांगू! लग्नाआधी वडिलांच्या कारखान्यातले पोवळ्याचे हार त्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवायच्या, हे मला संसाराच्या चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि लायसन्स बहात्तर सालचं. तेव्हा मोटारीच्या लायसन्सवर मोटरसायकलही चालायची, आणि त्या लोकांना ती आजही चालते! वाटाण्यांचं भांडं माझ्या हातात आलं, अंगणात दोन फेऱ्या झाल्या. वळताना पाय टेकला नाही बाईनं.

बायकोला म्हटलं, इम्मा, तुझ्या आईला समजाव. ती म्हणाली, वडील गेल्यापासून आई अशी हसलेली मी पाहिली नाही, तुझा सोमवार जाऊ दे. खरं सांगतो, वाईट वाटलं. वीस वर्षं वाट पाहिली होती हो मी.

सासूबाईंचं मन मात्र मोठं. चावी ॲप्रनच्या खिशात टाकत म्हणाल्या, "जावईबापू, सही वर्षअखेरी बघू. सोमवारी तयार राहा, मागची सीट तुमचीच."

गेलो की! सोर्रेंतोच्या वळणांवर मी डोळे मिटून त्यांची कंबर घट्ट धरलेली, आणि त्या मोठ्यानं गातायत. परत आलो तो तसाच हेल्मेटसकट सिल्व्हेरिओकडे. म्हणाला, मागे बसणाऱ्याचाही वेगळा विमा असतो, तीन प्रकारचा. मी सगळ्यात महाग घेतला. सवलत विचारलीसुद्धा नाही.