खड्ड्यातली फांदी

कागदावर रस्ता गुळगुळीत कसा होतो, ते मला विचारा. नव्वदच्या दशकात मी बांधकाम खात्यात साहेबांची जीप चालवायचो. एरंडोलकडचा एक रस्ता तीन वर्षं सांभाळायला कंत्राटदाराकडे दिला होता. तपासणीत खड्डा दिसला, की त्याला दंड.

तिथे आमचे मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे खात्याचे मजूर, होते नाना. पावसात खड्डा पाण्यानं भरला, की त्यात बाभळीची फांदी रोवायचे, सायकलवाला फसू नये म्हणून. साहेब मात्र जीपमधून कधी उतरले नाहीत. काचेतून फांद्या मोजायचे आणि तेवढेच खड्डे लिहायचे.

कंत्राटदाराच्या ते लक्षात आलं. पुढच्या तपासणीला सकाळीच त्याच्या माणसांनी सगळ्या फांद्या उपटून नेल्या. मी सवयीनं खड्डे चुकवत गाडी काढली. साहेबांना ना फांदी दिसली, ना धक्का बसला. त्यांनी लिहिलं, "रस्ता उत्तम."

परतताना रस्त्यात दूध सांडलेलं. दूधवाला पाय मोडून पडलेला आणि नाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले.

साहेब आतूनच ओरडले, "नाना, इथे फांदी का नाही लावली?"

"साहेब, फांद्या त्या लई ग्यात. खड्डा तठेच शे." फांद्या ते लोक घेऊन गेले, खड्डा मात्र तिथेच आहे, असं नाना त्यांच्या अहिराणीत सांगत होते.

दूधवाल्याला आम्ही दवाखान्यात पोचवलं. आठवड्यानं नोटीस निघाली. कंत्राटदाराला नव्हे, नानांना. धोक्याची खूण न लावल्याबद्दल.

ती नेऊन द्यायला मलाच पाठवलं. फांद्या नव्हत्याच, पण मी एकाही खड्ड्यात गेलो नाही. मला सगळे पाठ होते. साहेबांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.